भायखळा पायी बघा

दादरहून बोरीबंदरकडे जाताना टॅक्सी पुलावरून सुसाट निघते आणि भायखळा खालच्या खाली राहून जातं. मुंबईत पैसा कसा आला आणि तो कुणी कशावर खर्च केला, हे समजून घ्यायचं असेल तर फोर्टाइतकंच भायखळाही हिंडायला हवं. तेही पायी.

सुरुवात स्टेशनापासूनच करावी. १६ एप्रिल १८५३ला ठाण्याला निघालेली पहिली गाडी इथूनच पुढे गेली. स्टेशनच्या जुन्या दगडी इमारतीची अलीकडे निगुतीने डागडुजी झाली आणि २०२२मध्ये तिला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

पूर्वेला राणीबाग. तिच्या आवारातल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयासाठी मात्र भरपूर वेळ काढा. फोर्टातल्या बराकीत मांडलेला मूळ संग्रह १८५७च्या धामधुमीत, लष्कराला जागा हवी म्हणून बाहेर काढला गेला. मग डॉ. भाऊ दाजी, नाना शंकरशेट आणि जॉर्ज बर्डवुड यांनी वर्गणी जमवली आणि १८६२मध्ये पायाभरणी झाली. अमेरिकेतल्या यादवीमुळे तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५मध्ये यादवी संपली, भाव कोसळले, शेअरबाजार बुडाला आणि वर्गणीचा झरा आटला. शेवटी सरकारने हात दिला आणि १८७२मध्ये दारं उघडली. भाऊ दाजींचं नाव मात्र संग्रहालयाला मिळालं ते १९७५मध्ये. नक्षीदार खांब आणि सोनेरी छत पाहून मान दुखली तरी वरच्या मजल्यावरच्या मुंबईकरांच्या छोट्या मातीच्या प्रतिमा चुकवू नका. पगड्या, पागोटी, नेसण्याच्या तऱ्हा, सगळं बोटभर उंचीत बसवलंय.

बाहेर अंगणात काळ्या दगडाचा हत्ती उभा आहे. घारापुरी बेटाला पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ म्हटलं ते याच्यामुळे. १८६४मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, पण उचलताना यारी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे १९१४मध्ये ते जुळवून त्याला इथे उभं केलं. जवळ जा, सांधे दिसतात. अख्ख्या भायखळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच.

स्टेशनच्या पश्चिमेला खडा पारशी. शेट करसेटजी माणेकजींचा हा उंच खांबावरचा पुतळा आज दोन पुलांच्या मधे उभा आहे. बसमधून त्याच्याकडे नजर जाते, पायथ्याच्या जलपऱ्या मात्र खाली उतरल्यावरच दिसतात.

त्याच बाजूला डेव्हिड ससूनने बगदादी ज्यूंसाठी बांधलेलं निळं मागेन डेव्हिड सिनेगॉग, १८६४चं. ज्यू कुटुंबं बहुतेक इस्रायलला आणि इतरत्र गेली. ससून घराण्याच्या नावाच्या शेजारच्या शाळेत आता मुख्यतः मुसलमान मुलं शिकतात. वास्तूइतकीच ही शाळाही जपावी अशी आहे.

राणीबाग आणि संग्रहालय बुधवारी बंद असतं. तो वार सोडून या.