ब्लॉक उतरतो तेव्हा किती वाजलेले असतात?

हाताच्या ऑपरेशननंतरची खरी कळ सुरू होते ती रात्री. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत प्रेसखाली बोटं सापडणं, उल्हासनगरच्या फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये करवत लागणं, बदलापुरात दुचाकी घसरून मनगट मोडणं, यांत नवं काही नाही. कुणी उल्हासनगरच्या कॅम्प 3 मधल्या मध्यवर्ती रुग्णालयात जातं, कुणी जवळच्या खासगी नर्सिंग होममध्ये. अनेकदा पूर्ण भूल न देता फक्त हात बधिर करतात. त्यालाच ब्लॉक म्हणतात.

भूलतज्ज्ञ सोनोग्राफीचा प्रोब हासळीच्या हाडामागच्या खळगीत टेकवतो. पडद्यावर धमनी ठोके देताना दिसते आणि तिच्याशेजारी हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा द्राक्षांच्या घोसासारखा झुबका. सुई तिथवर नेऊन वीस-तीस मिलिलिटर औषध सोडतात, बहुधा ब्युपिवाकेन. मज्जातंतूंमधले सोडियमचे मार्ग त्याने बंद होतात आणि वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत पोचतच नाही. हा परिणाम साधारण आठ ते बारा तास टिकतो.

आता हिशेब करा. दुपारी चार वाजता दिलेला ब्लॉक रात्री बारा ते पहाटे चारच्या दरम्यान उतरतो. रुग्ण घरी, शेवटची लोकल गेलेली, मेडिकल बंद, आणि इतका वेळ काहीच न जाणवणाऱ्या हातात एकदम कळा. डॉक्टर याला रिबाउंड पेन म्हणतात. तसाच ब्लॉक सकाळी आठला दिला असता, तर तो संध्याकाळी चार ते आठच्या दरम्यान, घरचे जागे असताना उतरला असता. म्हणून ब्लॉक किती तास टिकला यापेक्षा तो किती वाजता उतरला हे मला महत्त्वाचं वाटतं.

परिणाम लांबवण्यासाठी सोबत दुसरं औषध देण्याची कल्पना जुनी आहे. 1884 मध्ये कार्ल कोलरने कोकेनने डोळा बधिर करून दाखवला. 1903 मध्ये हाइनरिश ब्राउनने त्यात अॅड्रेनलिन मिसळलं. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध जागेवर जास्त वेळ राहतं. पुढे क्लोनिडिन आलं, मग डेक्समेडेटोमिडिन. डेक्समेडेटोमिडिन ब्लॉक काही तासांनी लांबवतं, पण त्याने नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, गुंगी येते. रात्री लक्ष ठेवायला माणूस नसेल, तिथे याची घाई नको.

सर्वांत कामाचं निघालं ते डेक्सामेथासोन. कोविडमध्ये घराघरांत पोचलेलं हेच स्वस्त स्टिरॉइड. बहुतांशी हाताच्या शस्त्रक्रियांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2017च्या कोक्रेन आढाव्यात ते मज्जातंतूभोवती दिल्यावर बधिरपणा सरासरी पावणेसात तासांच्या आसपास वाढला. ते नुसतं सलाईनच्या सुईतून शिरेत दिलं, तरीही सुमारे सहा तास वाढला. दोन्ही पद्धतींची समोरासमोर तुलना केली, तेव्हा मज्जातंतूभोवतीची पद्धत सुमारे तीन तासांनी पुढे होती.

त्या तीन तासांसाठी काय पत्करायचं? मज्जातंतूभोवती देण्यासाठी हे औषध मुळात मंजूर नाही. कुपीतल्या प्रिझर्व्हेटिव्हची काळजी असते. रोपिवाकेन या बधिर करणाऱ्या दुसऱ्या औषधात मिसळलं तर स्फटिक तयार होऊ शकतात. शिरेतून देण्यात यातलं काहीच नाही, वर मळमळही कमी होते. लहान रुग्णालयासाठी मला तोच मार्ग शहाणपणाचा वाटतो. मधुमेह्यांची साखर चढू शकते, तेवढं विचारून घ्यावं.

लांबलेला ब्लॉक सगळीकडे चांगलाच असंही नाही. हाताचं मोठं हाड मोडून आत सूज वाढत असेल, तर आतला दाब वाढल्याची पहिली खूण म्हणजे असह्य वेदना. हात बधिर असेल तर ती खूणच लपते. अशा रुग्णाचा ब्लॉक मुद्दाम लवकर उतरू द्यावा लागतो.

आणि घरी जाणाऱ्याला कागदावर, मराठीत आणि गरज असेल तिथे सिंधी-हिंदीत, एवढं लिहून द्यायलाच हवं: हात झोळीत ठेवा. गरम तवा, चहा, बाइकचा सायलेन्सर यांपासून दूर ठेवा, चटका कळणार नाही. दुखायची वाट न पाहता बोटांत मुंग्या यायला लागल्या की डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्या. बोटं निळी पडली, किंवा दिलेली वेळ उलटून गेल्यावरही हात हलला नाही, तर थेट रुग्णालय गाठा.