परगावी कामावर असताना जमीन हलली तर...

२१ मार्च २०२४. सकाळी सहा वाजून गेले होते. हिंगोली जिल्ह्यात ४.५ रिश्टरचा भूकंप झाला. नांदेड, परभणीपर्यंत लोक घराबाहेर आले. दहा-अकरा मिनिटांत ३.६ चा दुसरा धक्का बसला. त्याच वर्षी १० जुलैला हिंगोली पुन्हा हादरली.

अशा वेळी आपल्या वस्तीत शेजारी हाक मारतो. पण सेंट्रिंगच्या कामावर, ऊसतोडीला, गाडीवर किंवा ऑफिसच्या कामाने परगावी गेलेला माणूस अनोळखी खोलीत असतो. अंधारात जिना कुठे, दाराची कडी कुठे, हेही त्याला ठाऊक नसते. म्हणून खोलीत बॅग ठेवतानाच बाहेर पडायची वाट बघून घ्यावी. चप्पल, टॉर्च आणि बीपी-शुगरच्या गोळ्या उशाशी ठेवाव्यात.

धावपळच घात करते

किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झोपेतली हजारो माणसे दगडमातीच्या जड घरांखाली गेली. तो भूकंप सहा रिश्टरच्या वर होता. रिश्टरचा एक आकडा वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. चार-साडेचारच्या धक्क्याने चांगले बांधलेले घर सहसा पडत नाही, पण घाबरून पळताना माणसे पडतात. १ फेब्रुवारी २०१९ रोजी डहाणू भागात धक्क्यानंतर बाहेर पळण्याच्या धांदलीत पडून दोन वर्षांची मुलगी दगावली.

पक्क्या इमारतीत असाल तर हादरे थांबेपर्यंत मजबूत टेबलाखाली बसा. पलंगावर असाल तर तिथेच राहून उशी डोक्यावर धरा. लिफ्ट वापरू नका, गॅलरीतून उडी मारू नका. दगडमातीच्या घरात दार दोन पावलांवर असेल आणि पुढे मोकळी जागा असेल, तर लगेच बाहेर पडा. साइटवर असाल तर परांची, भिंती आणि विजेच्या तारांपासून लांब जा. नंतर गॅस बंद करा आणि घरी मेसेज पाठवा. फोन लागला नाही तरी मेसेज बहुधा पोचतो. पुढचा भूकंप अमुक वाजता येणार, असे कोणीही सांगू शकत नाही. तसा निरोप आला तर पुढे पाठवू नका.

शरीरात काय होते?

छाती धडधडते, हात थरथरतात, तोंड कोरडे पडते. शरीर धोक्याला तोंड द्यायला तयार होते, त्याची ही लक्षणे. काही जणांना जमीन शांत झाल्यावरही तासन्‌तास, कधी काही दिवस, पलंग हलल्यासारखा वाटतो. हे वेड नाही आणि बाहेरची बाधाही नाही. कानाच्या आतला तोल आणि सावध झालेले मन पूर्ववत व्हायला वेळ घेतात. पाय जमिनीवर टेकवून बसा, श्वास सावकाश सोडा, पाणी प्या, कोणाशी तरी बोला. झोप यावी म्हणून दारू घेऊ नका.

मात्र छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप असे काही असेल तर ‘भीतीमुळे असेल’ म्हणून थांबू नका. १०८ ला फोन करा. गरोदर बाई पडली असेल, पोट दुखत असेल, रक्त जात असेल किंवा बाळाची हालचाल कमी वाटत असेल, तर लगेच दवाखाना गाठा. दोन-तीन आठवड्यांनीही झोप लागत नसेल, कामावर परत जायची धास्ती वाटत असेल, तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मराठीत मोफत बोलता येते.

घरच्यांसाठी

मार्चच्या त्या धक्क्यानंतर नांदेडच्या प्रशासनाने पत्र्यावरचे आधाराचे दगड काढायला सांगितले होते. वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून आपण ठेवलेला दगड हादऱ्यात झोपलेल्या लेकराच्या डोक्यावर येऊ शकतो. दगड उतरवा, पत्रा हुकाने किंवा तारेने पक्का करा. कमावता माणूस परगावी जाण्याआधी एवढे काम एका रविवारात होते.