पायांवाचून दोन आषाढ्या

आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट दरवर्षी पायांखाली घालणाऱ्या ज्या लक्षावधी माणसांना आपण ‘वारी’ या एकाच नावाने ओळखतो, तो वस्तुतः जमाव नसून शेकडो दिंड्यांची एक शिस्तबद्ध व्यवस्था आहे. आणि तिच्यावर अभंगवाणीइतकाच लष्करी छावणीचाही ठसा आहे, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माउलींच्या, म्हणजे संत ज्ञानेश्वरांच्या, पालखीची घडी बसविणारे हैबतबाबा आरफळकर हे शिंद्यांच्या पदरचे सरदार होते, आणि अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व आजही या सोहळ्याच्या इतमामात मोडतात. प्रत्येक दिंडीचा क्रमांक ठरलेला, रथापुढची वा रथामागची जागा मुक्रर. राहुट्या, शिधा आणि पाण्याचा टँकर यांचा बंदोबस्त दिंडीने आपल्या वर्गणीतून करावयाचा.

या सर्वांत मला विशेष वाटते ती मुक्कामावरची समाजआरती. दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळमृदंगांचा गजर चालू असतो. चोपदार चोप उंचावतो आणि तो प्रचंड समुदाय क्षणात निःशब्द होतो. मात्र ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, ती टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्यापाशी जाऊन तक्रार ऐकतो, निवाडा करतो. हरवल्या-सापडल्या वस्तूंचा पुकारा होतो, उद्याच्या कूचाची वेळ सांगितली जाते, आणि मगच आरती. आपल्या नगरपालिकांच्या सभांनी हा प्रघात उचलावा, असे पुष्कळदा मनात येते.

अशा या चालत्या संस्थेला 2020 साली कोरोनाच्या साथीमुळे थांबण्याचा हुकूम झाला. विठ्ठलमंदिर मार्चमध्येच बंद झाले होते. मोजक्या लोकांच्या उपस्थितीत प्रस्थान होऊन पादुका आळंदी-देहूतच राहिल्या आणि दशमीला, 30 जून रोजी, एस.टी.च्या बसमधून पंढरपुरास गेल्या. अठरा-वीस दिवसांची वाटचाल काही तासांत उरकली. दिवे घाट ओस, सासवड, लोणंद, फलटण, वेळापूर येथील अन्नछत्रांच्या चुली थंड. एकादशीच्या शासकीय महापूजेत मुख्यमंत्र्यांसमवेत बसण्याचा मान एरवी दर्शनबारीतील पहिल्या वारकरी दांपत्यास मिळतो. त्या वर्षी बारीच नसल्याने तो मंदिरात पहारा देणाऱ्या विणेकऱ्यास मिळाला.

परंपरा खंडित झाली, असा आक्षेप त्या वेळी निघाला. 2021 साली प्रत्येक मानाच्या पालखीस दोन बसगाड्या आणि वाखरीपासून केवळ दीड किलोमीटर चालण्याची मुभा मिळाली, तेव्हा पायी वारीचा आग्रह धरणाऱ्या एका ज्येष्ठ कीर्तनकारांना पोलिसांनी स्थानबद्धही केले. त्यांची तळमळ खोटी नव्हती. तथापि वर्षानुवर्षे चोपाच्या एका इशाऱ्यावर मुके होण्याची सवय ज्यांच्या अंगी मुरली आहे, त्यांपैकी बहुसंख्यांनी घरच्या ओसरीवर सायंकाळी हरिपाठ म्हणत, मोबाईलवर कीर्तन ऐकत काढलेले ते दोन आषाढ मला वारीच्या परंपरेतच बसणारे वाटतात. शिस्त ही केवळ चालण्याची नसते. नुकसान झाले ते वाटेवरच्या गावांचे, वर्षाची कमाई त्या काही दिवसांवर अवलंबून असणाऱ्या छोट्या दुकानदारांचे, आणि त्याची मोजदाद आस्थेने झाली नाही हा दोष मात्र आपल्या सर्वांचा.

21 जून 2022 रोजी माउलींची पालखी पुन्हा पायी निघाली, आणि दिंड्या आपापल्या जुन्या क्रमांकांनीच रथापुढे व रथामागे चालू लागल्या.