दत्तकाची संमती मागे घेता येते काय?

पुनर्विवाह झालेल्या कुटुंबात मुलाला सावत्र पित्याचे नाव व कायदेशीर हक्क मिळावेत, अशी इच्छा असणे स्वाभाविक आहे. त्यासाठी जन्मदाता पिता हयात असल्यास त्याची संमती घ्यावी लागते. समजा, श्रीवर्धन तालुक्यातील दिघी बंदरावरच्या एका खलाशाने जहाजावर जाण्यापूर्वी अशा संमतीपत्रावर सही केली आणि चार महिन्यांनी त्याचे मन पालटले. त्याला ती सही मागे घेता येईल काय? दत्तकाचा आदेश झाला आहे की नाही, यावर या प्रश्नाचे उत्तर अवलंबून आहे.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा ख्रिस्ती कुटुंबांना लागू नाही. दीर्घकाळ आपल्या बांधवांना १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली केवळ पालकत्व मिळत असे. मूल कायद्याने त्यांचे होत नसे. बाल न्याय कायद्याने, विशेषतः २००६ च्या दुरुस्तीनंतर, दत्तकाची वाट सर्व धर्मीयांना मोकळी झाली. आज २०१५ चा बाल न्याय कायदा व २०२२ चे दत्तक विनियम लागू आहेत. सावत्र पालकाच्या दत्तकाची स्वतंत्र तरतूद या विनियमांत आहे. मुलाच्या ताब्याविषयी न्यायालयात वाद चालू असेल, तर त्याचा निकाल लागेपर्यंत दत्तकाची प्रक्रिया सुरू करता येत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘साठ दिवसांत विचार बदलता येतो’ असे अनेकांनी ऐकलेले असते. ती मुदत आपले मूल बालकल्याण समितीपुढे समर्पित करणाऱ्या पालकांसाठी आहे. सावत्र पालकाच्या दत्तकात मूल आपल्या एका पालकाजवळच राहते. तेथे समर्पण नसते. म्हणून त्या साठ दिवसांच्या भरवशावर कोणी थांबू नये.

संमतीपत्र म्हणजे दत्तक नव्हे. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश देण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांना आहे; रायगडसाठी त्यांचे कार्यालय अलिबागला आहे. दत्तक मुलाच्या हिताचे आहे काय, मुलाचे वय व समज पाहता त्याची इच्छा काय आहे आणि या व्यवहारात पैशांची देवघेव झालेली नाही ना, याची खात्री करूनच त्यांनी आदेश द्यावयाचा असतो. तोपर्यंत ज्याचे मन बदलले आहे त्याने ते विनाविलंब लेखी कळवावे. अर्ज जिल्हा दंडाधिकारी व जिल्हा बालसंरक्षण कक्ष या दोघांकडे द्यावा आणि पोच घ्यावी. दिघीहून आगरदांड्यास फेरीबोटीने उतरून मुरूड, कोर्लईमार्गे अलिबाग गाठता येते. जो समुद्रावर आहे त्याने वकिलामार्फत कळवावे. नातेवाइकांना तोंडी सांगितलेले पुरेसे धरू नये.

आदेश झाल्यावर मात्र चित्र बदलते. मूल सर्व अर्थांनी दत्तक पालकांचे होते आणि संमती देणाऱ्या पालकाशी असलेले त्याचे कायदेशीर बंध संपतात. त्यापूर्वी मुलाच्या नावे झालेली मालमत्ता मात्र त्याचीच राहते. केवळ मन बदलले म्हणून आदेश रद्द होत नाही. संमती फसवून वा दडपणाखाली घेतली असेल, तर आदेशापासून ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते. कोकण विभागाचे हे कार्यालय नवी मुंबईत बेलापूरला आहे.

ख्रिस्तसभाही नागरी कायद्याने झालेले दत्तक मान्य करते. १९८३ च्या धर्मसभा संहितेच्या ११० व्या कलमानुसार असे मूल दत्तक घेणाऱ्यांचेच मानले जाते. दत्तकातून जुळलेले जवळचे नाते १०९४ व्या कलमानुसार विवाहास अडथळाही ठरते. म्हणून आदेश हाती येण्यापूर्वी बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत बदल करण्याचा आग्रह धर्मगुरूंकडे धरू नये.

सही करण्यापूर्वी जन्मदात्या पालकाने कागद आपल्या भाषेत वाचून घ्यावा, वकिलाचा सल्ला घ्यावा आणि मुलाशी बोलावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गरजूंना मोफत साहाय्य मिळते. सावत्र माता-पित्यांनीही घाई करू नये, कारण दडपणाने मिळवलेली संमती पुढे मुलालाच भोवते. आपल्याला कोणी सोडले आणि कोणी स्वीकारले, हे मूल एक दिवस विचारणारच. त्या वेळी सर्वांना खरे उत्तर देता यावे.