बस्ता पुण्याचा, परतीची वाट ताम्हिणीची

म्हसळा, मोर्बा, गोरेगाव, श्रीवर्धन या भागातल्या आपल्या घरांत लग्न ठरले की पहिला प्रश्न निघतो तो बस्त्याचा. मुंबईला जायचे की पुण्याला? मुंबईत नातेवाईक आहेत, मोहम्मद अली रोड आहे, भेंडी बाजार आहे. पण मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतरची वर्षे आपण सर्वांनी त्या रस्त्यावर कशी काढली ते वेगळे सांगायला नको. म्हणून अलीकडे बरीच घरे माणगावहून निजामपूर, विळे, ताम्हिणी घाट करत पुणे गाठतात. सकाळी जायचे, रात्री परतायचे. एका दिवसात बस्ता उरकतो.

या एका दिवसाबद्दल लिहावेसे वाटले त्याचे कारण आहे. आपल्याकडचा पुरुष नोकरीधंद्यासाठी मुंबई-पुणे करतो, आखातात जातो, विमानतळ पाहतो. घरातल्या बाईचा मोठा सफर मात्र वर्षा-दोन वर्षांतून एखादाच होतो आणि तो बहुतेक वेळा बस्त्याचाच असतो. तो दिवस कसा जातो? दुकानांचे जिने चढण्यात, जेवण टाळण्यात, नमाज कझा होण्यात. परतताना अंधार, मांडीवर पिशव्या आणि घाटात ओकारी. महाराष्ट्रातल्या सर्वांत देखण्या रस्त्यांपैकी एका रस्त्यावरून ती दोनदा जाते आणि तो तिला धड दिसत नाही. थोडे नियोजन केले तर याच दिवसात खरेदीही होते, नमाजही होते आणि सफरही होतो. गेल्या डिसेंबरात माझ्या भाचीच्या बस्त्याला आम्ही हे करून पाहिले.

अर्धी खरेदी घरीच

बाजारात पैसे जातात ते यादी नसल्यामुळे. भाचीने वहीच्या पानावर तीन रकाने आखले. पुण्यातच घ्यायचे, म्हसळ्या-माणगावात मिळते, आणि लागणारच नाही. पहिल्या दिवशी तिसरा रकाना कोराच होता. आठवडाभरात तो सर्वांत लांब झाला.

भांडी, मिक्सर, गाद्या दुसऱ्या रकान्यात गेल्या. गावातला दुकानदार वर्षभर उधारीवर माल देतो, मिक्सर बिघडला तर घरी येऊन पाहतो. लग्नाच्या वेळी मात्र आपण त्याच्या दुकानावरून गाडी पळवत शहरात जातो, हे बरे नव्हे. वलीम्याचा भारी शरारा तिसऱ्या रकान्यात गेला. निकाहचाच जोडा वलीम्याला वेगळ्या ओढणीवर घालायचे ठरले.

यावर घरात चर्चा झालीच. तिच्या फुफूचे म्हणणे होते, "लोक काय म्हणतील? एकुलती एक मुलगी." तिच्या दादीने तो प्रश्न मिटवला. "लोक जेवतात, हात धुतात आणि विसरतात. फेडायचं आपल्याला असतं."

कुरआनात खाण्यापिण्याची परवानगी देताना लगेच उधळपट्टीची मनाई केली आहे आणि दुसऱ्या ठिकाणी उधळ्या माणसांना सैतानाचे भाऊ म्हटले आहे. निकाहच्या खुतब्यात आपण साधेपणाबद्दल ऐकतो, पण तो खुतबा बस्ता झाल्यावर येतो! मेहर हा मुलीचा हक्क आहे, तो द्यायचाच. जहेज मात्र ना शरियतने सांगितले, ना कायद्याने. देशात हुंडाबंदीचा कायदा १९६१ पासून आहे. यादीतली एकेक वस्तू समोर ठेवून घरच्यांनी विचारावे, ही मुलीच्या गरजेची आहे की मांडवात मांडून दाखवण्याची?

आमच्या यादीतून जे गळाले त्यातून भाचीच्या बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाची फी निघाली. निकाहनंतर शिक्षण पुरे करायचे, हे दोन्ही घरांत आधीच ठरले होते. पैसे कुठून येणार, तेवढे ठरायचे होते. शाळेत शिकवताना मी पाहते, लग्न ठरलेल्या किती मुलींचे शिक्षण एवढ्याच रकमेवर अडते. तेवढी रक्कम एका संध्याकाळी घालायच्या कपड्यांत गेलेली असते.

एक भाग निवडा

फज्र पढून साडेसहाला निघालो. घोणसे घाट, माणगाव, विळे, ताम्हिणी, मुळशी, पौड, पिरंगुट असे करत साडेदहाच्या सुमारास शहरात पोचलो. म्हसळ्याहून अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. दुकाने तेव्हा नुकती उघडत असतात, गर्दी नसते आणि सेल्समन शांतपणे कापड दाखवतो.

पुण्यात दोन जगे आहेत. पेठा आणि कॅम्प. दोन्ही एका दिवसात करायला गेलात तर दिवस रिक्षात जातो. बस्त्यासाठी पेठा बऱ्या. मंडईजवळ महापालिकेचे वाहनतळ आहे, तिथे गाडी ठेवली की पुढचे सगळे पायी. लक्ष्मी रस्त्यावर साड्या आणि शालू, रविवार पेठेतल्या कापडगंजात ठोक भावाचे कापड, बोहरी आळीत सजावटीचे आणि स्वयंपाकघराचे सामान, तुळशीबागेत बांगड्या, पिना, ओढण्यांच्या लेस. मंडईची दगडी इमारत १८८६ सालची आहे. मुले बरोबर असतील तर तिचा उंच मनोरा त्यांना जरूर दाखवा.

कॅम्पची ओढ आपल्या सर्वांनाच असते. महात्मा गांधी रस्ता, फॅशन स्ट्रीट, कयानी बेकरीची श्रूजबरी बिस्किटे. तो भाग वेगळ्या दिवसासाठी ठेवावा. आणि कुठेही जायचे असो, आदल्या दिवशी फोन करून दुकानाची सुट्टी विचारावी. पुण्यात दुपारी झोपणारी दुकाने कमी झाली असली, तरी संपलेली नाहीत.

बायकांनी नमाज कुठे पढायची?

बाजारात पुरुष मशीद शोधतात आणि जाऊन येतात. बायका पिशव्या सांभाळत दुकानाच्या पायरीवर बसून राहतात. पुण्यातल्याच एका जोडप्याने स्त्रियांना मशिदीत प्रवेश मिळावा म्हणून २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. त्यावर ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २०२० मध्ये प्रतिज्ञापत्र देऊन स्पष्ट केले की स्त्रियांना मशिदीत येऊन नमाज पढण्यास मनाई नाही, फक्त जमाअतची सक्ती त्यांच्यावर नाही. म्हणजे अडचण दिनाची नाही, जागेची आणि सोयीची आहे. बाजारपेठेतल्या मशिदीत पडदा लावलेली एक खोली आणि वजूला एक नळ एवढी सोय झाली, तर तालुक्यातालुक्यांतून येणाऱ्या किती बायकांच्या नमाजा वाचतील! विश्वस्त मंडळींनी हे मनावर घ्यावे.

तोवर आपण काय करायचे? जानमाज बरोबर ठेवावी आणि संकोच न करता विचारावे. आम्ही ज्या साडीच्या दुकानात होतो तिथल्या मॅनेजरकाकांना विचारले. त्यांनी वरच्या मजल्यावरचे गठ्ठे बाजूला करवले, पंखा लावून दिला आणि नोकराला जिन्यात उभे केले, कोणी वर येऊ नये म्हणून. प्रसाधनगृहही तिथेच मिळाले. मोठ्या दुकानात ते असतेच, पण न विचारणाऱ्याला कोणी दाखवत नाही. त्या दिवशी दुपारभर पाणी न पिता राहण्याची वेळ कोणावर आली नाही.

मुसाफिराला दिलेली सवलतही वापरावी. सुमारे ८० किलोमीटरपेक्षा लांब सफर असेल तर चार रकातींची फर्ज नमाज दोन रकात पढता येते. कोकणातले आपण बहुतेक शाफई. आपल्याकडे अशा सफरीत जोहर आणि असर एकत्र पढण्याचीही मुभा आहे. हनफी घरांत कसर आहे, पण अशी एकत्र नमाज नाही. मगरिब मात्र तीनच रकात. तपशील आपल्या मौलानांना निघण्याआधी विचारून घ्यावा. ही सवलत नीट समजली तर "प्रवासात नमाज होत नाही" हे वाक्यच घरातून जाईल.

दिवस मावळायच्या आत

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणून आम्ही ठरवले होते, काही राहिले तरी तीनला गाडीत बसायचे. ते सोपे नव्हते. बाजारातला शेवटचा तास फार महाग असतो. यादी संपलेली असते, पाय दुखत असतात आणि "आलोच आहोत तर" म्हणून जे घेतले जाते ते वर्षभर कपाटात पडते. एक लेस राहिली ती राहिली. नंतर माणगावात मिळाली.

चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट मागे पडले. पौडनंतर हवा बदलली आणि रस्त्याच्या कडेने मुळशीचे पाणी सुरू झाले. दादी बहात्तर वर्षांच्या. या रस्त्याने त्या सात-आठ वेळा गेलेल्या, पण सकाळी झोपेत आणि परतताना अंधारात. त्यांनी काच खाली करायला लावली. "ही कुठली खाडी? हिला भरती येते का?"

खाडी नव्हे, धरण, असे सांगितले. टाटा कंपनीने वीजनिर्मितीसाठी मुळा नदी अडवली तेव्हा मावळातली गावे आणि भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. त्याविरुद्ध १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट त्यात पुढे होते आणि याच लढ्यातून ते सेनापती बापट झाले. १९२४ पर्यंत लढा चालला, धरण मात्र झाले. हे पाणी डोंगरातून खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरात उतरते, वीज मुंबईला जाते आणि पाणी कुंडलिका नदीला मिळते. कोलाडला तरुण मुले रबरी होड्यांतून जातात ते हेच पाणी. डोलवहाळहून तेच कालव्यांनी आपल्या रायगडच्या शेतीला लागते.

दादींनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग ज्यांची घरं गेली ते कुठे गेले?"

गाडीत कोणी उत्तर दिले नाही. भाची पाण्याकडे पाहत होती. दीड महिन्याने तीही घर सोडणार होती.

मुळशीच्या पुढे थांबून डब्यातले खिमापाव खाल्ले, थर्मासमधला चहा प्यालो. चार बायका, दोन पिढ्यांचे अंतर, आणि घाई कोणालाच नाही. मग ताम्हिणी. या घाटातले जंगल २०१३ पासून अभयारण्य आहे. डिसेंबरात धबधबे आटलेले असतात, पण कडे उघडे दिसतात आणि उतरतीच्या उन्हात कोकणाकडची दरी थेट खालपर्यंत दिसते. विळ्याला उतरलो तेव्हा मगरिबची वेळ झाली होती.

जाणाऱ्यांसाठी थोडे

पावसाळ्यात हा घाट फार देखणा असतो आणि तेवढाच धोक्याचा. धुके, दरडी आणि सुट्टीच्या दिवशी पर्यटकांची कोंडी असते. त्या दिवसांत बस्त्याला शनिवार-रविवार टाळा आणि रस्ता सुरू आहे का ते आधी विचारा. पेट्रोल पिरंगुटला किंवा माणगावला भरून घ्या. घाटात बऱ्याच ठिकाणी फोन लागत नाही, म्हणून घरी निघतानाच कळवा. गाडी लागणाऱ्यांना पुढे बसवा, आले-लिंबू जवळ ठेवा. माकडांना खायला घालू नका, कचरा पिशवीत घरी आणा.

आणि एक विनंती घरातल्या पुरुषांना. बस्त्याचा खर्च आपण मोजतो, गाडीचे भाडे मोजतो. त्यात दिवसाउजेडी परतीचे दोन तासही धरा. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत, फक्त तीन वाजता बाजारातून उठावे लागते. दादी आता शेजारणींना धरणाची गोष्ट सांगतात, कडे किती उंच ते हात वर करून दाखवतात. शालू केवढ्याला पडला, हे मात्र त्यांना आठवत नाही.