पाच डॉलरचा आत्मा

विनोदी कार्टून मालिका परलोकाविषयी गंभीरपणे काही सांगू शकते का? या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर मला 'द सिम्पसन्स' या अमेरिकी मालिकेच्या एका भागात सापडते. ग्रेग डॅनियल्स यांनी लिहिलेला 'बार्ट सेल्स हिज सोल' हा भाग ८ ऑक्टोबर १९९५ रोजी प्रथम प्रक्षेपित झाला.

दहा वर्षांचा बार्ट चर्चमध्ये भजनाऐवजी एका रॉक गाण्याचे कागद वाटतो. पाद्री मुलांना नरकाचा धाक दाखवतात. घाबरलेला मित्र मिलहाऊस बार्टचे नाव सांगून टाकतो. चिडलेला बार्ट म्हणतो, आत्मा-बित्मा काही नसतो. कागदाच्या तुकड्यावर 'बार्टचा आत्मा' असे लिहून तो मिलहाऊसला पाच डॉलरला विकतो.

मग विपरीत घडू लागते. स्वयंचलित दार त्याच्यासाठी उघडत नाही, थंड काचेवर श्वासाची वाफ धरत नाही, आवडते कार्टून पाहूनही हसू येत नाही. यातून आत्मा सिद्ध होतो का? नाही. दार बिघडलेले असू शकते, हसू चिंतेनेही आटते. लेखक निवाडा देत नाही. अविश्वासाची किंमत काय, एवढेच तो विचारतो.

परलोक येतो तो स्वप्नात. सारी मुले आपापल्या आत्म्यासोबत होडी वल्हवत एका झळाळत्या नगरीकडे निघतात. बार्टची होडी मात्र जागच्या जागी गोल फिरत राहते. पाद्रींच्या नरकात आग होती. या स्वप्नात आग नाही, मागे एकटे उरणे आहे. मला ते अधिक भयंकर वाटते.

फाउस्टच्या कथेत आत्मा घेणाऱ्या सैतानाला मालाचे मोल ठाऊक असते. इथे सैतानच नाही, आहे तो बाजार. मिलहाऊस तो कागद खेळण्याच्या चकत्यांसाठी कॉमिक्सच्या दुकानदाराला देतो, दुकानदार पुढे विकतो. हताश बार्ट अखेर देवाची प्रार्थना करतो आणि कागद वरून अलगद खाली येतो. तो टाकणारी असते त्याची धाकटी बहीण लिसा. भावापासून लपवून ठेवलेल्या गल्ल्यातले पैसे मोडून तिने तो विकत घेतलेला असतो. चमत्कार म्हणावा तर हात बहिणीचा, आणि योगायोग म्हणावा तर वेळ नेमकी प्रार्थनेची. काही तत्त्वज्ञांच्या मते आत्मा जन्मतः मिळत नाही, दुःख, चिंतन आणि प्रार्थनेतून तो कमवावा लागतो, असे ती त्याला सांगते.

'सोल'ला आपण सहज 'आत्मा' म्हणतो. पण गीतेतला आत्मा अविनाशी. त्याची खरेदी-विक्री संभवत नाही. बार्टच्या अवस्थेला मला 'जीव' हा शब्द अधिक जवळचा वाटतो. त्याचा जीव कशातच लागत नाही. आणि ज्याची किंमत त्याने स्वतः पाच डॉलर ठरवली, त्याला जीव लावणारे कोणीतरी घरातच असते.