साक्षीला शाळा

अलीकडे शाळेच्या टपालात खात्याच्या परिपत्रकांबरोबर आणखी एक कागद येऊ लागला आहे. तो म्हणजे कुटुंब न्यायालयाचे समन्स. इयत्ता चौथीतील अमुक बालकाचा ताबा आईकडे असावा की वडिलांकडे, यासंबंधीच्या अर्जात वर्गशिक्षिकेने हजेरीपटासह उपस्थित राहावे, एवढाच त्यात मजकूर असतो. परंतु तो वाचून शिक्षकांच्या खोलीतील चहा गार होतो. आमच्या इंदूरच्या मराठी घरांत पूर्वी नवरा-बायकोचे बिनसले तर वडीलधारी मंडळी मध्ये पडत, मिटवीत, निदान मिटल्याचा देखावा तरी करीत. त्या देखाव्यात किती सुनांनी आयुष्य कंठले हे ज्यांना ठाऊक आहे, ते न्यायालयाच्या पायरीला उगाच नावे ठेवणार नाहीत. तंटा दोघांचा, निकाल न्यायाधीशांचा. त्यात शाळेने किती बोलावे आणि कोठे थांबावे, एवढ्यापुरतेच आम्हांस लिहावयाचे आहे.

मुळात शाळेला बोलावतात कशासाठी? ताब्याचा निर्णय आईवडिलांच्या हक्कापेक्षा मुलाच्या हितावर व्हावा, हे तत्त्व १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात आहे, आणि १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या तेराव्या कलमाने ते सर्वोपरी ठरविले आहे. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे असेही हा दुसरा कायदा सांगतो. तेव्हा शाळेत जाणाऱ्या वयाच्या मुलाचाच प्रश्न अधिक अवघड होतो. हित कशात आहे हे सांगणारे नातेवाईक दोन्ही बाजूंना भरपूर असतात, पण त्यांची साक्ष कोणत्या पारड्यात पडणार हे न्यायाधीश ओळखून असतात. ज्याला त्या मुलाच्या ताब्यातून काही मिळवावयाचे नाही आणि जो त्याला रोज पाच-सहा तास पाहतो, असा मनुष्य म्हणजे शिक्षक. त्याच्या शब्दाला वजन येते ते यामुळेच, आणि तो एका बाजूला झुकलेला दिसताच ते वजन जाते.

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर वसलेल्या समाजात या साक्षीला आणखी एक अंग आहे. सून पुण्याची किंवा नागपूरची आणि संसार इंदुरात. खटका उडाला की ती मुलाला घेऊन माहेरी जाते. कधी वडीलच मुलाला आजीजवळ ठेवून घेतात आणि ती एकटी जाते. मग पहिला वाद अर्ज कोठल्या न्यायालयात चालावा याचा होतो. मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयास अधिकार, असे १८९० च्या कायद्याचे नववे कलम म्हणते. पण मूल सुटीपुरते आजोळी गेले होते की तिकडचेच झाले? याचे उत्तर पुष्कळदा आमच्या स्कॉलर रजिस्टरात, शेवटच्या हजेरीच्या तारखेत आणि दाखला कोणी व केव्हा मागितला त्या अर्जात सापडते. मागाहून जुळवून लिहिलेला हजेरीपट उलटतपासणीत पाच मिनिटेही टिकत नाही. दाखल्याच्या बाबतीत तर मुख्याध्यापकाची कात्री होते. एकजण म्हणतो द्या, दुसरा म्हणतो देऊ नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दुसऱ्या शाळेत जाण्यासाठी मागितलेला दाखला तत्काळ द्यावा लागतो आणि विलंब केल्यास शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. न्यायालयाचा मनाई हुकूम नसेल तर दाखला अडवून धरणे हे शाळेचे काम नव्हे. अर्जदाराची सही, नाते आणि तारीख यांची नोंद मात्र चोख ठेवावी.

रजिस्टरावरही फाजील भिस्त नको. त्यातील जन्मतारीख कोणाच्या सांगण्यावरून लिहिली हे पुढे आल्याशिवाय तिला पुरावा म्हणून मोल नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली बिरदमल सिंघवी यांच्या निवडणूक प्रकरणात स्पष्ट केले आहे.

समन्स नीट वाचावे, ही गोष्ट आम्ही नव्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगतो. केवळ कागद मागविले असतील तर ते दुसऱ्या हाती पाठविले तरी चालतात, आणि कागद हजर केल्यामुळेच कोणी साक्षीदार ठरत नाही. १८७२ च्या साक्ष कायद्यात हे होते, आणि त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. साक्षीलाच बोलावले असेल तर वरिष्ठ कार्यालयास लेखी कळवून जावे. आजारपण काढून घरी बसण्यात शहाणपण नाही.

आमच्या परिचयाच्या एका बाईंना वकिलांनी विचारले, “मुलगी कोणाजवळ अधिक सुखी आहे?” बाई म्हणाल्या, “ते मला सांगता येणार नाही. जुलैपासून ती सोमवारी डबा आणत नाही आणि शेवटच्या तासाला सारखी फाटकाकडे पाहते, एवढे मी पाहिले आहे.” वकिलांनी पुष्कळ खोदले. सोमवारचा अर्थ बाईंनी सांगितला नाही. तो लावणे त्यांचे काम नव्हतेच. आमच्या मते साक्ष असावी ती अशी.

इंदुरात जबाब हिंदीत लिहिला जातो आणि तेथे मराठी मनुष्याची वेगळीच गंमत होते. ‘वडील शिक्षा करतात’ असे आपण माराच्या अर्थाने सांगावे आणि कागदावर वडिलांनी मुलाचे शिक्षण करावे! ‘चेष्टा’ या शब्दाचीही तीच गत. कुटुंब न्यायालयात साक्षीचा केवळ सारांश लिहून घेतात, त्यामुळे एक शब्द चुकला तर सावरणारे दुसरे वाक्य तेथे असेलच असे नाही. सही करण्यापूर्वी जबाब वाचून घ्यावा, आणि खटकले तर तेथेच सांगावे.

तंटा न्यायालयात जाण्यापूर्वीच पालक शाळेत येतात. “मुलाकडे मीच लक्ष देते, एवढे लिहून द्या.” असे प्रमाणपत्र कोणालाही देऊ नये. पालकसभेच्या वहीत सह्या कोणाच्या आहेत हे न्यायालय पाहू शकते. तथापि सही नाही म्हणून माया नाही असे समजणे अन्यायाचे आहे. पीथमपूरच्या कारखान्यात दिवसपाळी करणारा बाप सकाळी अकराच्या सभेला येणार कसा? याउलट आमच्या फाटकावरचा भृत्य त्याला रोज पाहतो. मूल कोण सोडते, कोण नेते, पावसात कोण थांबते, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक नसते. त्यालाही साक्षीला बोलावणे येऊ शकते, हे आपण विसरतो.

राहिले मूल. “तुला कोण आवडते?” हा प्रश्न शाळेत कोणीही विचारू नये, लाडानेसुद्धा. समजत्या वयाच्या मुलाचे म्हणणे न्यायालय विचारात घेऊ शकते. न्यायाधीश त्याला आपल्या दालनात बोलावून ते ऐकतात. आधी शाळेत तालीम झाली तर मूल तेथे आपले न बोलता आमचे बोलते. लैंगिक अत्याचाराविषयी मुलाने काही सांगितले तर मात्र गोष्ट वेगळी. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे तेव्हा पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. ताब्याच्या तारखेची वाट पाहावयाची नाही.

निकाल लागल्यावर आदेशाची प्रत मागून घेऊन मुलाच्या कागदांत ठेवावी. ती वर्गशिक्षिकेने वाचावी आणि फाटकावरच्या भृत्यास समजावून सांगावी. बाकीच्या वर्गांस तिचा पत्ता नसावा. वडिलांनी शनिवारी मुलास शाळेतूनच न्यावे असे त्यात असेल, तर शनिवारी फाटकापर्यंत त्याला कोण सोडील हे शुक्रवारीच ठरवून ठेवावे.